हेल्मेटातली आई

आमच्या घरात फोटोंचे डबे मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि आईचा फोटो एकही नाही. हे मी ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आबांकडे संशयाने बघितलं. आबा म्हणजे माझे वडील. शिवाजी पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ. पेठेतली लग्नं, बारशी, तालमीतले पैलवान, फुटबॉलच्या टीमा, म्हाताऱ्यांचे पासपोर्ट, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेलं. फक्त बायको तेवढी राहिली.

मी चार वर्षांची असताना आई तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो पदराचा वास, हायपोचा. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, कारण आबांच्या डार्करूममध्ये आईच फोटो धुवायची. लग्नातले फोटो का नाहीत, तर नवरदेवच फोटोग्राफर. पेठ वडगावला मांडव पडला, कॅमेरा मित्राच्या हातात दिला आणि त्या शहाण्याने रोल नीट अडकवलाच नव्हता. दोन दिवस नुसतीच खटखट केली. मग लग्नानंतर आबांचं एकच पालुपद, काढू की, आपलाच तर स्टुडिओ हाय. आपल्या घरातलं काम नेहमी मागं पडतं, आणि एक दिवस माणूसच राहत नाही. याचा मला आजही राग येतो, आणि आबा पंच्याऐंशीच्या पुढे गेले म्हणून तो काही कमी झालेला नाही.

डार्करूमच्या दाराला आतून चार फोटो चिकटवलेले होते. रद्दीत कुठलीतरी परदेशी मासिकं यायची, जाड गुळगुळीत कागदाची. आम्हा पोरांच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. पण ती वह्यांना जायच्या आधी आबा चाळायचे आणि आवडलेलं पान कापून ठेवायचे. पहिला फोटो, पांढऱ्या हेल्मेटातून हसणारा एक रशियन गडी, जगात सगळ्यात आधी तोच वर जाऊन आला. दुसरा, यानाबाहेर अंधारात लोंबकळणारा माणूस, दोरीच्या आधाराने. तिसरा अमेरिकनांचा, चंद्रावर उभा असलेला माणूस, ज्याच्या तोंडावर सोनेरी काच आहे आणि चेहरा दिसत नाही. आणि चौथा एका बाईचा. तीही हेल्मेटात, गालाशी पट्टा, नजर कुठेतरी बाजूला लागलेली. त्या दारावर बाई ही एकटीच.

आता माझा गोंधळ समजून घ्या. पितृपक्षात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी सवाशीण जेवायला बोलवतात. अविधवा नवमी. शेजारपाजारच्या घरांत त्या दिवशी पाटावर गेलेल्या बाईचा फोटो, त्याला हार, कुंकू. आमच्याकडे पाटावर नारळ. मी आत्तीला, म्हणजे आबांच्या बहिणीला, विचारायचे, आईचा फोटो कुठाय? तिनेच मला वाढवलं. ती म्हणायची, आबास्नी इचार. आबांना विचारलं की ते डार्करूममध्ये शिरायचे आणि दार लावून घ्यायचे. दार लावलं की फोटो आत. सहा वर्षांच्या पोरीने यातून काय समजायचं? मी समजले ते हेच, की आई त्या दारावर आहे. बाई तेवढी एकच होती.

मग एका नवमीला मी देवघरातला करंडा उचलला, डार्करूममध्ये गेले आणि त्या हेल्मेटवाल्या बाईच्या कपाळावर कुंकू लावलं. हेल्मेटमुळे कपाळ जेमतेम दोन बोटांचं, तरी बसवलं. आबा मागे येऊन उभे राहिले होते. मला वाटलं आता धपाटा बसणार.  पण त्यांनी खालून वर एकदा बघितलं आणि म्हणाले, "चिकटपट्टी सुटाय लागलीया. फ्रेम करूया हिला." आणि खरंच केली. पुढच्या वर्षी पाटावर नारळाच्या जागी ती फ्रेम आली, आत्तीने हार घातला, जेवायला आलेल्या सवाशिणी वाकून नमस्कार करून गेल्या. एक म्हणाली, "गोरी हुती की गं तुजी आय." आत्तीने वरण वाढलं.

आत्तीला काय वाटत होतं ते मला कधीच नीट कळलं नाही. वहिनी तिने पाहिलेली होती, चांगली पाच वर्षं एका चुलीवर राहिलेली. मग तिने हार घातला कसा? मोठी झाल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भाऊ म्हटला फ्रेम ठेव, म्या ठिवली. टोपडं घातल्यावर कोन कसं दिसतंय कुणास ठाऊक."

हा डोलारा कोसळला तो शाळेत. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तो फोटो आला. खाली छापलेलं, अंतराळात जाणारी पहिली स्त्री, आणि पुढे एक लांबलचक रशियन नाव. मी हात वर केला आणि बाईंना सांगितलं, नाव चुकलंय, ही माझी आई आहे. बाई हसल्या नाहीत, ते जास्त वाईट झालं. त्यांनी मला जवळ घेतलं, तेव्हा वर्गातल्या पोरींना कळलं की यात हसण्यासारखं काहीतरी आहे. वर्षभर मला सगळ्या "चांदोबाची" म्हणत होत्या. घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि आबांवर ओरडले. ते निगेटिव्ह सुकत घालत होते, चिमटा तोंडात. चिमटा काढून म्हणाले, "मी कवा म्हटलो ती तुजी आय हाय म्हणून?"

खरं होतं. कधीच म्हटले नव्हते. पण नाही, असंही कधी म्हटले नव्हते.

आत्तीला मात्र वेगळाच घोर लागला. तिने विचारलं, "त्या पुस्तकात ती बया मेलीया असं लिवलंय का?" मी म्हटलं, नाही, जिवंत आहे. आत्तीचा चेहरा उतरला. "आगं बाई, जित्या बाईला हार घातला की गं आपण," म्हणाली, आणि धावत जाऊन तिने फ्रेमवरचा हार काढला. मग मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या फोटोवरून तीनदा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसक्याने आम्ही दोघी खोकत बसलो. तिकडे रशियात त्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल देव जाणे. दृष्ट मात्र कोल्हापुरात निघाली.

त्या दिवसापासून पाटावर परत नारळ. आणि माझ्या डोक्यात जो घोळ झाला तो झालाच. मला सगळं कळतं, मी पुढे शाळेत भूगोल शिकवला, दरवर्षी मुलांना चंद्राच्या कडेवरून दिसणारी पृथ्वी दाखवली. त्यातही माझा गोंधळ. पुस्तकात चंद्राची जमीन खाली आणि पृथ्वी वर, नंतर कुठेतरी वाचलं की मूळ फोटो आडवा आहे, चंद्र बाजूला आहे. मग वर कुठलं आणि खाली कुठलं? मुलांनी विचारलं तर मी दटावून बसवायचे. पण आई म्हटलं की अजूनही माझ्या डोळ्यांसमोर हेल्मेटातली ती परदेशी बाईच येते. हाकलली तरी जात नाही. दुसरा चेहराच नाही ना तिच्या जागी ठेवायला.

आत्ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. यंदा आबांनी स्टुडिओ सोडायचं ठरवलं. जिना चढवत नाही, आणि तसंही फोटो काढायला कोण येतं आता. गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान येणार आहे. मी राजारामपुरीतनं रोज रिक्षाने जाऊन डबे उपसत होते. आबा दाराजवळ टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी काहीही टाकायला काढलं की म्हणायचे, "ऱ्हाऊंदे की." नवमी आठ दिवसांवर आलेली. मी मनाशी ठरवलं होतं की यंदा या शेकडो डब्यांतून आईला शोधून काढायची. कुणाच्या तरी बारशात, कोपऱ्यात, पाठमोरी, कशीही. हे डबे एकदा गेले आणि आबाही गेले की मग तिला ओळखणारं जगात कोणी नाही. मी तिच्या शेजारी बसले तरी मला कळणार नाही की हीच ती.

पाच दिवस शोधलं. नाही सापडली. दुसऱ्यांच्या आया ढिगाने सापडल्या.

सहाव्या दिवशी शोकेसमधला चंद्र काढायला घेतला. पेठेतल्या जुन्या माणसांना तो अजून आठवतो. माणूस चंद्रावर उतरून आला आणि इकडे आबांचं डोकं फिरलं. त्यांनी सिनेमाची बॅनरं रंगवणाऱ्या पेंटरला धरून मागचा पडदा करून घेतला, काळं आभाळ आणि त्यात निळी पृथ्वी. गुऱ्हाळाच्या चुलाणातली राख पोती भरून आणली आणि स्टुडिओत पसरली, ती चंद्राची जमीन. गादीवाल्याकडून पांढऱ्या खोळीचा कापूस भरलेला सूट शिवून घेतला. पायात गमबूट. आणि कागदाच्या लगद्याचं हेल्मेट, त्याला पुढून ट्रकचा बाहेर फुगलेला गोल आरसा बसवलेला, दारावरच्या त्या अमेरिकन फोटोत आहे तशी काच दिसावी म्हणून. नमुन्याचा फोटो काढून शोकेसमध्ये लावला. पण गिऱ्हाईक म्हणायला लागलं, तोंडच दिसणार नसंल तर मी चंद्रावर गेलतो हे गावात कोण खरं मानंल? मग आरसा काढून टाकला, आणि पुढं जत्रेच्या दिवसांत खेड्यापाड्यातली माणसं पागोट्यावर हेल्मेट चढवून चंद्रावर उभी राहून गेली. आरशाचा फोटो तेवढा एकच, नमुन्याचा. त्यात सुटाच्या आत आबा आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तो फोटो मी आयुष्यभर बघितलाय, पण हातात घेऊन उजेडात असा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. हेल्मेटची काच कोरी होती. नुसती पांढरी, धुरकट. मी भूगोलाची बाई. मुलांना तो अमेरिकन फोटो दाखवून मी कितीदा सांगितलंय, की चंद्रावर पहिला उतरला त्याचा तिथला धड फोटोच नाही, कारण कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच हातात. आपण बघतो तो दुसरा. पहिला बघायचा असेल तर दुसऱ्याच्या काचेत बघा, तिथे इवलासा उभा आहे. हे मला आबांनीच शिकवलेलं, डार्करूममध्ये, भिंग हातात देऊन.

मग मी विचारलं, "आबा, ह्या काचेत काहीच कसं नाही? ट्रकचा आरसा होता ना? आख्खा स्टुडिओ दिसायला पाहिजे."

आबा चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "दिसत हुता."

"तुम्ही तर सुटात. मग फोटो कोणी काढला?"

चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुज्या आयनं."

मी खाली राखेच्या जुन्या पोत्यावरच बसले.  राग इतका आलेला की कान गरम झाले. म्हटलं, "म्हणजे ती ह्या काचेत असायला पाहिजे."

"हुती. संक्रांतीची काळी साडी नेसून. कॅमेऱ्याशेजारी हुबी."

"मग गेली कुठं?"

"म्या खोडली," आबा म्हणाले.

झालं होतं असं. शोकेसला फोटो लागला आणि लोक काचेला नाक लावून बघायला लागले. तालमीतली पोरं हसायला लागली, चंद्रावर साडी नेसून कोण आलंय, म्हणून. आबांना ते लागलं. त्या काळात निगेटिव्हवर बारीक ब्रशाने लाल रंग भरून नको ते झाकायचे, देवीचे व्रण, मानेवरचे डाग. तसं त्यांनी काचेतली बाई झाकली आणि नवीन प्रिंट काढली. "तीच म्हटली," आबा म्हणाले. "म्हटली, खोडा मला. लोक चंद्र बघाया येत्यात, मला न्हाय. रंग बी तिनंच कालवून दिला." जुनी प्रिंट फाडून टाकली. पुढच्या पावसाळ्यात आई गेली.

"आणि निगेटिव्ह?"

त्यांनी खिशातनं किल्ली काढली आणि टेबलाचा खालचा खण उघडायला सांगितला. खणात एकच पाकीट होतं. म्हणजे मी पाच दिवस डबे उपसत होते आणि हा माणूस त्या खणाशेजारी बसून चहा पीत होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बापाला बोलू नये असं बोलले. "पन्नास वर्षं," म्हटलं, "पन्नास वर्षं मी परक्या बाईला आई म्हणतेय आणि तुम्ही किल्ली खिशात घेऊन फिरता. धुतला का नाही रंग?"

"भ्यालतो," आबा म्हणाले. "रंग पाण्यानं सुटतोय. पण फिलम जुनी झाली की रंगासंगट समदंच सुटून येतंय. दुसरी कॉपी न्हाय. न धुता ती आत हाय एवढं तरी म्हाईत हाय. धुतली आणि पाण्यात गेली म्हंजी?"

 दोन दिवस मी ते पाकीट पर्समध्ये घेऊन फिरले. धुवावं वाटायचं, लगेच नको वाटायचं. राजारामपुरीतल्या डिजिटलवाल्याकडे गेले. त्याने स्कॅन करून बघितलं, म्हणाला, रंगाखालचं काही धड उठत नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मॅडम, कशाला टेन्शन घेताय? तुमच्या चेहऱ्यावरनं एआयनं आई करून देतो. हुबेहूब. साडी पण घालतो." क्षणभर, खोटं कशाला सांगू, मी हो म्हणणार होते. पण एक खोटा चेहरा आधीच डोक्यात घर करून बसलाय, त्यात आणखी एक भाडेकरू कशाला? पाकीट घेऊन बाहेर आले. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याने कुठं सोडू विचारलं तेव्हा मला पत्ताच सांगता येईना.

नवमीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकाला लागणार एवढ्यात आबांचा फोन. "ट्रे घिऊन ये. आणि पाणी गार पायजे, नळाचं नगं, माठातलं."

स्टुडिओतल्या खिडकीपाशी टेबल ओढलं. जुना ट्रे, त्यात माठातलं पाणी. आबांचे हात आता चहाचा कप धरतानासुद्धा हलतात. पण निगेटिव्ह कडेला धरून पाण्यात सोडली तेव्हा हलले नाहीत. आम्ही दोघं वाकून बघत होतो. काहीच होईना. मग हेल्मेटच्या गोलातून एक लाल धागा सुटला, पाण्यात वळवळला आणि विरला. मग दुसरा. आबांनी ट्रे एका बाजूने हळूच उचलला, खाली ठेवला, परत उचलला, डार्करूममध्ये आई करत असेल तसं. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटायला लागला, पडद्यावरची पृथ्वी होती त्या बाजूचा. मी म्हटलं, "आबा, काढा." ते म्हणाले, "थांब." पृथ्वी सुरकुतली आणि सुटून पाण्यात तरंगायला लागली. तेव्हा त्यांनी फिल्म बाहेर काढली आणि चिमट्याला लावली.

फिल्म सुकली. मग त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. निगेटिव्ह उलटी असते, काळं पांढरं आणि पांढरं काळं. काळी साडी काचेसारखी पांढरी दिसत होती. तिवईवरचा लाकडी कॅमेरा, त्याची भात्यासारखी घडीची कातडी, फोटो घेताना दाबायच्या रबरी बल्बाची नळी, सगळं सुईच्या टोकाइतकं आणि स्पष्ट. त्या नळीच्या टोकाला हात. हाताच्या वर बाई. आणि चेहरा मोहरीएवढा, पुसट. नाक नाही, डोळे नाहीत. बोटाने पुसावं तसा एका बाजूला ओघळलेला. मी मोबाइलने फोटो घेतला, सुलटा केला, मोठा केला. जितका मोठा केला तितका जास्त पुसट.

मला रडायलासुद्धा आलं नाही. मी मोबाइल आबांपुढे धरला. त्यांना सुलट्याची गरज नाही, ते निगेटिव्हच वाचतात. भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"हललीया," ते म्हणाले.

"का पण?"

"हेल्मेटातनं म्या कायतरी बोललो. आत आवाज घुमत हुता, मला वाटलं तिला ऐकू जात न्हाय. तिला गेलं. हसली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काय बोललो ते आठवंना. पन्नास वर्सं आठवतोय, आठवंना." मग म्हणाले, "फुडं बसलेल्याला म्या सांगत हुतो, हलू नगा. कॅमेऱ्यामागच्याला कोन सांगनार?"

आबांना घेऊन घरी आले. पुरणपोळ्या करायला उशीर झाला. पाटावर नारळ ठेवला नाही. डिजिटलवाल्याकडून घाईघाईने प्रिंट काढून आणली होती, नुसती काचेच्या गोलाची, ती ठेवली. हार घातला. कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि थबकले, कारण कपाळ कुठं आहे ते मला समजेना. अंदाजाने लावलं.

जेवायला आलेली शेजारची सवाशीण पाटाशी वाकली, बारीक डोळे करून बघत राहिली. "व्हय वो आबा," ती म्हणाली, "हिचं त्वांडच दिसंना की."

आबा पानावर बसले होते. वर न बघता म्हणाले, "हसाय लागलीया न्हवं."